पूर्वेच्या खोलीतले पाहुणे

रविवार, १४ डिसेंबर
देव आज तेलाच्या डब्याशेजारी! भुजंगनं स्वतः उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले. पूर्वेची खोली – चौतीस वर्षांचं माझं देवघर – आता पाहुण्यांची. "आई, शहरातले लोक मुक्कामाला येतात. न्याहारी-जेवण देऊ. बराबर चालंल." फाटकावर पाटी लावली – रेणुकाई मुक्काम. देवीचं नाव पाटीवर अन् देवी फळीवर! पोटचा पोरगा, काय बोलावं.

बायकोला म्हणे, पाहुण्यांपुढं नऊवारी नेस, फोटो चांगले येतात. राजनंदिनी काही बोलली न्हाई. ती कधीच बोलत न्हाई. या घरात येऊन दोन वर्षं झाली, तिचं हसू ऐकलं न्हाई.

संध्याकाळी पुण्याचे साहेब-मॅडम आले. तीन दिवस राहणार. नाराज होऊन गेले तरच माझी खोली सुटंल.

रेणुकाई, माफ कर. जे करीन ते इथं किराण्यासारखं लिहून ठेवते. तुझ्यापासून लपवाछपवी न्हाई.

सोमवार, १५ डिसेंबर, एकादशी
पाप पहिलं – पहाटे पाचला आरती. रोज पुटपुटते, आज घंटा, टाळ, शंख, सगळं! फळी त्या खोलीच्या भिंतीलाच आहे, त्याला मी काय करू? साहेब मफलर गुंडाळून बाहेर. "काकू, रोज असतं का हे?"
म्हणलं, "न्हाई हो. आज थोडक्यात उरकलं."

पाप दुसरं – उपास माझा एकटीचा, सांगितला साऱ्या घराचा. पाटीवर लिहिलंय भाकरी, ठेचा, भरीत. ताटात भगर अन् दाण्याची आमटी. मॅडम फोन पुढं करून म्हणाल्या, "फोटोत तर वांगं होतं!"
"वांग्याचाही उपास आहे."
भुजंग डोळे वटारून बघून राह्यला. मी माळ ओढली.

आंघोळीचं राहिलंच. गीझर बंद! फ्यूजच गायब. भुजंगनं घर उलथंपालथं केलं. चुलीवर पाणी ठेव म्हणाला तर सून म्हणाली, "सरपण वलं हाय." दिवसभरात तेवढंच बोलली. साहेबांनी दोन तांब्यांत आंघोळ उरकली. ओरडणं पार चौकात गेलं असंल!

पण फ्यूज मी काढला न्हाई. विजेला मी हात लावत न्हाई. माझ्या यादीत हे पाप बसत न्हाई. मंग ही करणी रेणुकाईचीच. तिच्या नावावर लिहिलं.

मंगळवार, १६ डिसेंबर
पाहुणे एक दिवस आधीच गेले. चहासुद्धा अर्धा टाकून. साखर वाया.

भुजंग फोन घेऊन आला. "आई, एकच तारा दिला गं त्यांनी!"
म्हणलं, "ध्रुवही एकच असतो बाबा."
तो जेवला न्हाई. पाप तिसरं. हे मात्र टोचलं.

बुधवार, १७ डिसेंबर
भुजंगनं नवा फ्यूज बसवला. शनिवारी दुसरे पाहुणे येणार. देव फळीवरच.

गुरुवार, १८ डिसेंबर
सून नळावर गेल्ती, म्हणून फोडणी मी घातली. मोहरीच्या डब्यात तळाशी – फ्यूज! अन् डिसेंबरात सरपण ओलं कसं, हे मला तेव्हा सुचलंच न्हाई! रेणुकाईच्या नावावरचं पाप खोडलं. फ्यूज होता तिथंच ठेवला, वर मोहरी सारखी केली.

ती आली. म्हणलं, "राजनंदिनी, मोहरीला मोठा डबा काढ गं. शनिवारी लागंल."

आधी पांढरीफटक पडली. मंग अशी हसली, अशी हसली – फळीवरच्या देवांनीही ऐकलं असंल.