माशांच्या दालनात बेडकाचं पिल्लू

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटं. ही वेळ नीट लक्षात ठेव, कारण याच वेळी तुझ्या संग्रहालयात बेडकाचं पिल्लू मासा ठरलेलं मला आढळलं.

चिरंजीव ढब्बूस, मावशीचे आशीर्वाद. (संचालक झालास म्हणून त्यांत कपात केलेली नाही.) तुझी पाठ कशी आहे? सूनबाईंचा खोकला थांबला का? माझे गुडघे बरे आहेत. रक्तदाब सोमवारपर्यंत बरा होता, त्यापुढचा तुझ्याकडून वसूल करीन. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगत, तक्रार करताना आधी तारीख, मग हकिकत, आणि रडायचं असेल तर घरी जाऊन. त्याप्रमाणे लिहिते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी मी तुझ्याकडे फुकट मार्गदर्शक म्हणून उभी राहते. बेडकांच्या दालनात दोन जीवाश्मांचे दगड शेजारी शेजारी असायचे : सोळा कोटी वर्षांपूर्वीचा एक बेडूक आणि त्याच जातीचं शेपटीवालं पिल्लू. (दोन्ही प्रतिकृती. मूळ दगड दूरच्या एका संग्रहालयात आहेत, तिथला संचालक बहुधा शहाणा असावा.) मुलींचा वर्ग घेऊन मी तिथे गेले, "आता हे बघा" म्हणून हात पुढे केला, तर बेडूक एकटाच, आणि हातापुढे नुसती भिंत. मुली माझ्या हाताकडे बघताहेत, त्यांच्या बाई भिंतीकडे, आणि जन्मात एक तास वाया न घालवलेली मी म्हणतेय की भिंतीचा रंग छान आहे.

शोधाशोध केली तर पिल्लू माशांच्या दालनात, एका धिप्पाड माशाच्या शेपटीपाशी. खाली पाटी : 'प्राचीन मासा, लहान'. तुझा सजावटकार तिथेच शिडीवर होता. त्याला विचारलं, हा प्रताप कुणाचा? तो म्हणाला, "माझाच, बाई. साहेब म्हणाले, जे ज्याच्यासारखं दिसतं ते त्याच्याजवळ लावा. याला शेपटी आहे, पाय नाहीत." मी म्हटलं, पाय आहेत, चष्मा लावा. त्याने लावला, पाय बघितले, आणि तरी म्हणतो कसा, "असतील. पण पिल्लू आईएवढं असतं का कुठे? साहेबांनी स्वतः पट्टी लावून बघितलं."

ढब्बू, पट्टी लावलीस हे उत्तम. त्यानंतर विचार करायचा तेवढा राहिला. हे पिल्लू जवळजवळ वीतभर आहे, त्याचा बेडूकही साधारण तेवढाच, आणि तीच तर त्याची बातमी आहे. बेडकांची याहून जुनी हाडं सापडली होती, पण पिल्लं नव्हती. (अंग मऊ, हाडं नावाला, मेली की कुजली.) त्यामुळे पहिलेवहिले बेडूक पिल्लाच्या अवस्थेतून जात होते की नाही, याचीच शंका होती. हे एक पिल्लू गाळात असं अलगद निजलं की त्याच्या डोळ्यांची खूण आणि कल्ल्यांचा सांगाडासुद्धा दगडात उमटला. तोंडाने पाणी घ्यायचं आणि त्यातलं अन्न गाळून खायचं, ही आजच्या डबक्यातल्या पिल्लांची तऱ्हा तेव्हाही होती. सोळा कोटी वर्षं टिकलेली व्यवस्था तू एका सकाळीत मोडलीस. आणि आकाराचंच म्हणशील, तर तेराव्या वर्षी तू माझ्या बहिणीहून उंच झाला होतास. तुला कुणी उचलून शेजाऱ्यांच्या घरात नेऊन ठेवलं नाही.

हे सगळं मी शिडीखालून सांगितलं (आवाज जरा चढला असेल) आणि पाटी बदलेपर्यंत उठणार नाही म्हणून पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसले. तो बिचारा एवढंच म्हणाला, "बसा काकू, पण मग मी कुठे बसू?" दुपारी तुझ्या सहीचा निरोप आला, की मावशींना विश्रांतीची गरज आहे, सबब त्यांचा मंगळवार पुढील सूचनेपर्यंत बंद. विश्रांती? अरे, मी निवृत्त आहे. ती माझ्याकडे इतकी आहे की तुला पाठवू शकेन.

तेव्हा पाटी उतरव, पिल्लू बेडकाशेजारी परत ने आणि माझा मंगळवार मला दे. फोन करू नकोस. फोनवर तू "हो मावशी" म्हणतोस आणि मग काहीच होत नाही.

तुझी,
मावशी

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी, आज शुक्रवारी, तिकीट काढून खात्री करायला गेले होते. पिल्लू हलवू नकोस. बेडकांच्या दालनात लोक त्याच्यापुढून जांभई देत निघून जायचे. इथे एक चिमुरडी बापाला म्हणाली, "या माशाला पाय फुटलेत." बाप म्हणाला, माशाला पाय नसतात, चल पुढे. ती काही केल्या हलेना. त्या दोघांची जुंपली, बघ्यांची गर्दी झाली, आणि मी (आता संग्रहालयाची कुणी नसताना) तासभर समजावून सांगत होते. तेव्हा त्या बेडकालाच इकडे आण. तू बरोबर होतास असा याचा अर्थ काढू नकोस. याला बोलाफुलाला गाठ म्हणतात.

दुसरा ता. क. : येत्या मंगळवारसाठी दोन शाळांना मी संग्रहालयाच्या वतीने होकार कळवला आहे. पाटीही बदलून आले, शिडी तुझ्या सजावटकाराने धरली. त्यामुळे तुझं उत्तर नुसतं 'हो' असलं तरी चालेल, पण ते लेखी हवं, आणि सोमवार, १७ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.