खरी नक्कल, सही पितांबर

२३ मार्च १९९८, सोमवार, धुळे
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाने ठेवावी. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की यापुढे आपल्या तपास कार्यालयाच्या फाइल सर्व्हरचा इन्चार्ज पितांबर. टायपिंगच्या टेबलावरून थेट सर्व्हर! घरी सांगितलं. ही म्हणाली, पगार वाढला का? हिला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.
सर्व्हरमध्ये सध्या मोठी केस एकच. वनाशेठच्या टायपिंग क्लासवर धाड पडली, खोट्या गुणपत्रिकांच्या फ्लॉप्या सापडल्या. वनाशेठ म्हणतो, हे उद्योग नोकराचे. नोकर म्हणजे निंबा, चोपड्याचा पोरगा. शिमग्याच्या आधीपासून आत आहे. फ्लॉप्यांची नक्कल सर्व्हरवर, म्हणजे माझ्याकडे.

२७ मार्च, शुक्रवार
पुण्याच्या इंजिनिअरचं पत्र. सर्व्हरची सेटिंग बदला. पुराव्याच्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी, लिहिण्याची कुणालाच नको, इन्चार्जलाही नको. 'इन्चार्जलाही'खाली रेघ मारली आहे. हा सरळ सरळ अपमान आहे. तरी करू. उद्या पाडवा, शुभ दिवस.

३० मार्च, सोमवार
पाडव्याला ऑफिस बंद असतं हे ध्यानात आलं नव्हतं. सेटिंग बुधवारी नक्की.
निंबाची आई मंजुळाबाई एसटीने आली होती. दुपारभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. म्हणाली, "भाऊ, मना पोऱ्या दिवाळीनंतर कामवर लागना. तारखा दखा. बठ्ठं तुमना हातमा शे." सगळं माझ्याच हातात आहे, बाईचं बरोबर आहे. सर्व्हरवर प्रत्येक फाइलीसमोर तारीख दिसते: जुलै ९७. तेव्हा निंबा क्लासची पायरीही चढला नव्हता. साहेब म्हणाले, याच तारखांवर पोरगा सुटेल आणि वनाशेठ आत जाईल. मी बाईला शब्द दिला, फाइली माझ्या ताब्यात आहेत तोवर काळजी करायची नाही. केळ्यांची फणी आणली होती. नको म्हणालो. केळी गोड निघाली.

६ एप्रिल, सोमवार
बुधवारी वीज नव्हती. नंतर मूड नव्हता.
मुद्देमाल खोलीच्या पत्र्याखाली मूळ फ्लॉप्या उन्हाने पापडासारख्या वाकल्या. एकही चालत नाही. साहेब भयंकर चिडले. म्हणाले, आता सर्व्हर हाच पुरावा, तारखांची प्रिंट तरी आजच काढून ठेवा. प्रिंटरची रिबन संपली आहे. मागणीपत्र केलं. यात माझा दोष कुठे?
रात्री झोप नीट लागली नाही. उकाडा.

१३ एप्रिल, सोमवार
अखेर सेटिंग केली! सगळ्यांची परवानगी काढून टाकली, साहेबांचीसुद्धा. लिहिण्याची परवानगी फक्त माझी ठेवली. इंजिनिअर पुण्यात बसून पत्रं लिहितो, जबाबदारी इथे माझ्यावर आहे. उद्या काही दुरुस्ती लागली तर कोण करणार? पासवर्ड अवघड ठेवला. विसरू नये म्हणून कीबोर्डच्या पाठीला चिकटवला.

२१ एप्रिल, मंगळवार
सोमवारी कोर्ट. फाइली शेवटचं एकदा तपासायला बसलो तर धक्काच बसला. एकाही नकलेवर शेरा नाही, सही नाही! वीस वर्षं नोकरी केली, शेऱ्याशिवाय नक्कल कोर्टात गेलेली पाहिली नाही. साध्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर मारतात, आणि हा तर गुन्ह्याचा पुरावा! एकेक फाइल उघडली, वर टाइप केलं: 'खरी नक्कल. सही, पितांबर.' सेव्ह केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पूर्ण. पाठ मोडली, पण समाधान आहे. लगेच बॅकअपही घेतला. नवी टेप मागवायला नको म्हणून जुन्याच टेपवर, आधीचा बॅकअप पुसून. सरकारचे पैसे वाचले.

२७ एप्रिल, सोमवार
सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेलो.
पुण्याच्या इंजिनिअरने पडद्यावर यादी लावली. प्रत्येक फाइलीसमोर २१ एप्रिल ९८. एकसारखी, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, मशीन बिघडलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, सेव्ह केलंत का? मी मान हलवली. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, फाइल सेव्ह केली की जुनी तारीख जाते. त्याने बॅकअपच्या टेपचं विचारलं. मी तेही सांगितलं.
वनाशेठचा वकील उठला. म्हणाला, २१ एप्रिलला माझे अशील घरी होते, निंबा तुरुंगात होता, आणि प्रत्येक गुणपत्रिकेवर नाव पितांबरचं आहे, मग या खोट्या गुणपत्रिका केल्या कुणी? लोक हसले. साहेब हसले नाहीत. जज्जसाहेबांनी पुरावा बाजूला ठेवला, निंबाचा जामीन नाकारला.
पत्रात कारण लिहायला हवं होतं. नुसती रेघ मारून माणसाला काय कळणार?
निंबाला नेताना पाहिलं. माझ्या धाकट्याएवढा आहे. जेवलो नाही.

४ मे, सोमवार
माझी चौकशी लागली आहे. नवा इन्चार्ज उद्या येणार. जाता जाता काम अर्धवट नको म्हणून पत्र समोर ठेवून सेटिंग केली. लिहिण्याची परवानगी कुणालाही नाही. इन्चार्जलाही नाही. पाच मिनिटांचं काम होतं.
बाहेर आलो तर मंजुळाबाई बाकड्यावर. कोर्टात काय झालं ते तिला नीट समजलेलं नाही. मी राबलो एवढंच तिला कुणीतरी सांगितलंय. आज पुन्हा केळी आणली होती. म्हणाली, "भाऊ, आते तारखा कोनी बदली तं नही ना सकत?"
म्हणालो, नाही बाई. आता कुणालाच बदलता येणार नाहीत.