एका सभासदाची हरकत

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतो? सुनेने तेल लावायला सांगितलं तर मुकाट लाव, तिच्याशी वाद घालत बसू नकोस.

इथली बातमी मोठी आहे. सोसायटीच्या तळमजल्यावरची मीटरशेजारची अडगळीची खोली आम्ही मिळून रिकामी केली. वायरमनने पंखा बसवला. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी यासाठी मुद्दाम प्रशिक्षण घेतलं. ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याने मंगळवारी तिथे येऊन बसायचं, बोलायचं. गरज पडली तर बाई डॉक्टरांकडे घेऊन जाणार. आता सभेची मंजुरी तेवढी राहिली. एकाही सभासदाची हरकत नको, अशी अट आहे.

हे डोक्यात कशामुळे आलं ते तुला सांगायला नको. तू आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडला होतास आणि मी तुझ्या ऑफिसला कावीळ कळवत होते. तेव्हा अशी जागा कुठे होती?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी छोटी


११ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. शिवणयंत्रावरून उठून तू एवढा उद्योग कधी केलास? शाब्बास!

खोलीला फिकट पिवळा रंग द्या. हिरवा नको, दवाखाना आठवतो. खुर्च्या समोरासमोर मांडू नका. कुणी रोखून बघायला लागलं की शब्द फुटत नाही, हे अनुभवाने सांगतो. सोसायटीतलं माझं घर बंद असलं तरी सभासद म्हणून मी तुझ्या पाठीशी आहे.

तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.
तुझा दादा


२ एप्रिल

दादा,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

काल सभा झाली. पिवळा रंग वाळला होता, खुर्च्या तू सांगितल्यास तशा तिरक्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, एक हरकत आली आहे, सभासदाला नाव जाहीर करायचं नाही. मग त्यांनी वाचून दाखवलं. असल्या रुग्णांची वर्दळ इमारतीत सुरू झाली तर लेकीबाळींच्या सुरक्षिततेचं काय, असं लिहिलं होतं. इतिवृत्त मी लिहिते, म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला.

तुझं अक्षर, दादा. वर तारीख अकरा मार्च. मला शाब्बास म्हणालास त्याच दिवसाची.

केसाने गळा कापलास. लेकीबाळी म्हणे! तू पडून होतास तेव्हा माझी नऊ वर्षांची पोर रोज तुझ्या उशाशी बसून तुला पेपर वाचून दाखवायची. मी तिला तुझ्यापाशी सोडून बिनघोर कामाला जात होते. कुठल्या तोंडाने लिहिलंस हे?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून लिहिलं, एका सभासदाची हरकत. तुझं नाव लिहिलं नाही. पंधरा दिवसांत हरकत मागे घेतली तर ठराव पुन्हा मांडता येईल. दोन ओळी लिहून पाठव. एवढंच मागते.

छोटी


९ एप्रिल

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुझं रागावणं रास्त आहे. पण जरा माझ्या बाजूने बघ. सेक्रेटरींनी सगळ्यांकडे लेखी मत मागितलं. मी होकार दिला असता तर लोक म्हणाले असते, यालाच एवढा पुळका का? कुणीतरी ती कावीळ उकरून काढली असती. घाबरलो आणि भलतंच लिहून बसलो. तू खमकी आहेस, कसंही निभावून नेशील, असं वाटलं.

आता हरकत मागे घेतली तर चर्चा आणखीच होईल. इथे मुलाच्या सासरचेही अजून काही जाणत नाहीत. ते मला जमणार नाही. तू नाव लिहिलं नाहीस, हे उपकार जन्मभर विसरणार नाही. एवढ्यावरून भावाला तोडू नकोस.

तुझा दादा


२० एप्रिल

ती. दादास,
सा. न.

मुदत संपली. खोलीला परवा कुलूप लागलं. नर्सबाईंनी मला सरळ विचारलं, हरकत कुणाची ते कळलं का? मी नाही म्हणाले. तुझ्यासाठी याआधी खोटं बोलले ते तू आजारी होतास म्हणून. या वेळी का बोलले, माझं मलाच कळत नाही.

वायरमन जिन्यात बसून होता. पंखा बसवायला आला तेव्हाच त्याने बाईंना स्वतःचं सांगितलं होतं, दोन वर्षं धड झोप नाही. आता कुठे यायचं, असं तो विचारत होता. मी त्याला वर घेऊन आले.

शिवणयंत्र स्वयंपाकघरात हलवलं आहे. बाहेरच्या खोलीत या मंगळवारी चौघं आली. माझं घर आहे, इथे कुणाची मंजुरी लागत नाही. एक बाई दोन तास नुसती रडली, मग चहा पिऊन गेली. जाताना तिने विचारलं, इथलं बाहेर जात नाही ना? मी तिला शब्द दिला.

तुझं गुपित माझ्यापाशी आहे, ते मी मरेपर्यंत सांभाळीन. तू भाऊ आहेस, तोडून तुटणार नाहीस. इकडे आलास की घरी ये, जेव, हक्काने राहा. फक्त मंगळवारी येऊ नकोस. त्या दिवशी इथे माणसं विश्वासाने बोलत असतात.

छोटी