आबांचा मांत्रिक

आबा, काल नातवाने मला त्याच्या खेळात बसवलं. जाड पुस्तक, अनेक पैलूंचे फासे; आपण एकेक पात्र व्हायचं आणि तो सांगेल त्या संकटातून वाट काढायची. पहिल्याच फेरीत त्याच्या मांत्रिकाने माझा दगड केला. का, तर म्हणे, "आजी, त्याची पॉवरच तेवढी आहे." मी म्हटलं, "पॉवर आहे रे, अक्कल कुठे आहे?" तो रुसला. रुसू दे. मी तुमच्यावर रुसले होतेच की.

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा. तुम्ही पलटणीतून सुट्टीवर माणच्या घरी आलेले, मी साताऱ्याच्या कॉन्व्हेंटमधून. एकमेकांशी बोलायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. "जेवलीस का?" "हो." झालं. मग एका दुपारी तुम्ही सोप्यात कोळशाने डोंगरवाटा काढल्या, कवड्या घेतल्या आणि म्हणालात, "तू वाटसरू. मी मांत्रिक." आई चुलीपासून ओरडली, "आवं, पोरीला भुताखेताचं काय शिकवताय?" आपण दोघं पहिल्यांदाच एकत्र हसलो.

पण तुमचा तो मांत्रिक! झाडामागून निघायचा, मंत्र टाकायचा, मी मेले. पुन्हा वेशीपासून चालायचं, पुन्हा मेले. शेवटी मी कवड्या भिरकावल्या. "हा अन्याय आहे."

"खऱ्या लढाईत कोण सांगून गोळी घालत न्हाई, पोरी."

"मग लढाईवर जा. मला खेळायचं आहे."

घर पुन्हा मुकं झालं. दुसऱ्या दिवशी दाराआडून बघते, तर तुम्ही एकटेच त्या रेघांवर वाकलेले. एकदा माझ्या बाजूने कवड्या टाकताय, एकदा मांत्रिकाच्या, मान हलवताय, पुसताय.

मग मला हाक मारलीत. मांत्रिक बदलला होता. मंत्राआधी वारा पडायचा, पाखरं गप्प व्हायची. तेवढ्यात ओळखलं तर मला एक डाव मिळायचा. आणि दर मंत्रासरशी तो थोडा म्हातारा व्हायचा. त्यानंतरही मी पुष्कळदा मेले, पण माझ्याच चुकीने. तुम्ही मला फुकट जिंकू दिलं नाहीत आणि फुकट मारलंही नाहीत. पुढे नोकरीत साहेब खूप पाहिले. इतकं सरळ माझ्याशी कुणी वागलं नाही.

तुम्ही निघायच्या दुपारी मांत्रिक माझ्या आणखी एका घावाने मरणार होता. मी म्हटलं, "मी पळते." तुम्ही मांडी थोपटून हसलात, "लय भित्री हाय गं तू!" गोष्ट पुढल्या सुट्टीवर गेली. ते 'भित्री' मात्र तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत, जावयालासुद्धा सांगितलंत. मी कधी खोडलं नाही. आज खोडते, कारण हा कागद कुठे जाणार नाही. मी भ्याले नव्हते, आबा. मांत्रिक मेला असता तर गोष्ट संपली असती, आणि पुढल्या वर्षी तुमच्याशी काय बोलायचं, हे मला सुचलं नसतं.