गाडी रांगेत, वली हातगाडीवर

प्रिय रिझिकी,

नैरोबीत गारठा फार म्हणे, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. माझं अक्षर मदरशातलं, मुंग्या चालल्यासारखं, पण नेटाने वाच. तुझ्या बापाने फोनवर त्याचं रडगाणं गायलं असेलच. आता माझंही ऐक.

आपल्या फेरीबोटीच्या धक्क्याची कथा तुला ठाऊक आहे. सध्या एक बोट बंद, दुसरी खोकते. गाड्यांची रांग चढ चढून पार मशिदीपर्यंत जाते. लोक शिव्या घालतात, मी दुवा देते, कारण रांग थांबली की माझी बटाट्याची भजी खपतात. आणि भजी तिखट लागली की माझ्यामागून फूमो म्हातारा पितळी किटली वाजवत येतो, सुंठेची कॉफी घेऊन. एकदा म्हणाला, "मेजुमा, बोटी वेळेवर सुटल्या असत्या तर तुझी-माझी गाठ पडली असती का गं?" दात कमी आहेत मेल्याला, पण बोलणं गोड. तर असं जमलं आमचं.

तुझा बाप तणतणत आला. "आई, या वयात? मी परवानगी देणार नाही!" मी म्हटलं, अथमानी, तुझ्याकडे मागितलीय कुणी? विधवेच्या निकाहालाही तिच्या बाजूने हात देणारा वली लागतो, खरं आहे, पण आपल्यात मुलगा वली होत नाही. वडील नसले तर भाऊ. काझीनेही त्याला तेच सांगितलं. मग साहेबांनी डोकं चालवलं. निकाहाच्या दिवशी पलीकडे बेटावर माझ्या भावाच्या, त्वालिबूदादाच्या, दारात गाडी घेऊन हजर. "मामा, तुमचे गुडघे दुखतात, मी सोडतो." आणि नेलं त्याला रांगेच्या शेपटीला.

इकडे काझी खोळंबलेला, फूमो नव्या झग्यात घामाघूम, पिलाव गार. काझी म्हणतो, "तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली की मी निघणार, पुढे दुसरं लग्न आहे." त्वालिबूदादाला फोन केला तर म्हणतो कसा, "अगं, गाडीत छान गार हवा आहे. अथमानी भला मुलगा, मागच्यांनाही पुढे जाऊ देतोय." तेव्हाच ओळखलं मी!

नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो म्हणून बायकांनी बुरखा धरून ओढला. मी म्हटलं, सोडा गं, नवरी मी आहे की तुम्ही? पायी माणसांना फाटक आधी उघडतं, गाड्यांना उरलेल्या जागेत. मी पलीकडे गेले, चढ चढले आणि मेंदीच्या हाताने काच वाजवली. दादा घोरत होता! "आई, लोक बघतायत," तुझा बाप म्हणाला. बघू देत. नारळाची हातगाडी चालली होती, तिच्यावर दादाला बसवलं. हातगाडीवाला म्हणाला, "अम्मा, हा नारळ जड आहे हो!" रांगेतल्या ड्रायव्हरांनी भोंगे वाजवून वरात काढली आमची. अथमानी उतरून धावला, तर वाहतूक पोलीस गरजला, "गाडी सोडून गेलास तर उचलून नेईन!" राहिला उभा तिथेच, पुढे गाडी, मागे गाडी.

बोट अलीकडे लागली, दादाने घरात पाऊल टाकलं, फूमोचा हात हातात घेतला आणि बांग व्हायच्या आत निकाह लागला. तुझा बाप पोचला तेव्हा आम्ही पिलाव खाऊन हात धुवत होतो.

तो दारातूनच म्हणाला, "रिझिकी आता तुझ्या घरची पायरी चढणार नाही." दुसरं काहीही बोलला असता तर उत्तर होतं माझ्याकडे. याचं उत्तर मात्र तुझ्याकडे, म्हणून हे पत्र. हे त्याचं म्हणणं की तुझं? तुझ्या हाताने लिहून कळव. यायचं असेल तर सुट्टी लागताच ये, पायी ये, बापाच्या गाडीत बसू नकोस. आणि नाही आलीस तरी हा निकाह मी मोडायची नाही. रडेन मात्र. पण आता रडतानाही कुणीतरी कॉफी करून देणारं आहे.

तुझीच,
नवी नवरी, म्हणजे तुझी आजी मेजुमा