अक्काची खोली

मी, गुरुराज राव, वडील कै. वेंकोबा राव, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, निवृत्त दस्तलेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, मधुमेह आहे पण तो डोक्यात गेलेला नाही, आणि माझ्या खुर्चीमागे कोणी उभे नाही. शेवटचे मुद्दाम लिहिले. रजिस्ट्रार कचेरीसमोर फुटपाथवर टेबल टाकून मी एकेचाळीस वर्षे लोकांची खरेदीखते, हक्कसोडपत्रे आणि मृत्युपत्रे तामिळमध्ये लिहिली. 'कोणाच्याही दबावाशिवाय' हे शब्द लिहिताना तो दबाव बहुतेक वेळा खुर्चीमागेच उभा असे, आणि फीही तोच देत असे.

हे मराठीत का, ते सांगतो. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तामिळ. मला देवनागरी आली ती हिंदीच्या परीक्षांमुळे. माझ्या मुलांना येत नाही. आमच्या घरात ती नीट वाचणारी एकच, माझी भाची सुंदरी. गेली तीस वर्षे ती मुलांच्या हिंदीच्या शिकवण्या घेते. माझ्यामागे हा कागद तिनेच सर्वांना वाचून दाखवावा. वरच्या मजल्यावर राहणारी ऋजुता नाशिकहून इथे कंपनीत नोकरीला आली आहे, तिने माझी भाषा तपासली. आमच्या मराठीला ती हसते, पण प्रेमाने. मजकुराला तिने हात लावलेला नाही.

कलम १. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द. ती तीन होती आणि तिन्ही कोणावर ना कोणावर रागावून लिहिली होती. आता तेवढा राग येत नाही.

कलम २. माझ्या नावावर आज तीन गोष्टी आहेत: पहिल्या मजल्यावरचा हा हॉल आणि दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेतली साडेसहा लाखांची ठेव, आणि धंद्याचे सामान. माझी पत्नी चंद्रिका हिचे दागिने या यादीत नाहीत. तिच्या तेराव्याला पंगत उठायच्या आत माझी मुलगी सौम्या हिने ते कपाटातून काढले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिले. मी रागावलो नाही. कंटाळा आला, इतकेच.

कलम ३. ठेवीतून माझे दिवसकार्य करावे आणि उरेल ते मुलगा गिरीधर व मुलगी सौम्या यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. गिरीधर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर आहे आणि अण्णा नगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. या दिवाळीला तो मिठाईचा डबा आणि एक माणूस घेऊन आला. त्या माणसाच्या हातात लाल ठिपका टाकून माप घेणारे यंत्र होते.

"अप्पा, तुम्ही बसा. नुसतं माप घेऊन ठेवतो," गिरीधर म्हणाला. "नंतर टेन्शन नको."

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारले.

लाल ठिपका माझ्या पलंगावरून भिंतीवर गेला.

मुले वाईट नाहीत. ही विद्या ती घरातच शिकली, आणि मास्तर मी होतो. ते कसे, ते पुढच्या कलमात लिहिले आहे.

कलम ४. हा फ्लॅट माझ्या मृत्यूनंतर माझी थोरली बहीण सईबाई, वय शहाऐंशी, हिला मिळावा, आणि तिच्यामागे तिची मुलगी सुंदरी हिला. गिरीधर आणि सौम्या कोर्टात जातील, म्हणून कारण लिहून ठेवतो.

मी दोन वर्षांचा असताना आई गेली. अक्का दहा वर्षांची होती, तिसरीत. मला सांभाळायला तिला शाळेतून काढले. पुढे माझी शाळा सुरू झाल्यावर रोज ती मला दारापर्यंत सोडायची आणि दारातूनच परत फिरायची. तिशीत विधवा होऊन ती सुंदरीला घेऊन वडिलांच्या घरी आली आणि मागच्या खोलीत राहिली. १९९३ साली वडील गेले. घर आम्हा दोघांचे झाले, निम्मे-निम्मे.

पुढच्या वर्षी बिल्डर आला. कौलारू घराच्या जागी इमारत, आणि आम्हाला दोन फ्लॅट: एक माझा, एक अक्काचा. तो आकडे मांडत होता तेव्हा मला दोन्ही फ्लॅट दिसले, अक्का दिसली नाही. गिरीधरच्या इंजिनिअरिंगच्या सीटसाठी पैसे भरायचे आहेत, असे मी स्वतःला सांगितले. सीट नसती तर दुसरे काही निघाले असते.

मी तामिळमध्ये एक कागद लिहिला. अक्का म्हणाली, "वाचून दाखव." मी तो समोर धरून तिला मराठीत सांगत गेलो: घर पाडणार, नवे बांधणार, तोवर भाड्याने राहायचे, कर मी भरायचा. हे सगळे त्यात होते. 'या घरातला माझा निम्मा हिस्सा मी माझा भाऊ गुरुराज यास काहीही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे' ही ओळही होती. ती मी वाचली नाही. अक्काने अंगठा लावला आणि पदराला पुसला. खाली मी शिरस्त्याप्रमाणे 'लिहून देणारीस वाचून दाखवले, समजले, कबूल' असे लिहून सही केली. कचेरीत तिला विचारले, सगळे समजले ना? ती म्हणाली, "आमच्या तंबीने वाचून दाखवलंय." धाकट्या भावाला इथे तंबी म्हणतात.

बिल्डरने मला दोनदा विचारले होते, "अक्कांना माहीत आहे ना?" लोक बिल्डरांना शिव्या देतात. या व्यवहारात सर्वांत स्वच्छ माणूस तोच होता.

इमारत झाली. गृहप्रवेशाला अक्का दूध उतू घालायला नवे पितळी पातेले घेऊन आली. तिने विचारले, "तंबी, माझी खोली कुठली?"

मी म्हणालो, "बिल्डरने फसवलं गं अक्का. एकच फ्लॅट दिला."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अय्यो, माझ्या लेकराला फसवलं पाप्यांनी," म्हणाली. माझ्या शेगडीवर दूध उतू घातले, सर्वांना वाटले आणि पातेले माझ्याकडेच ठेवून भाड्याच्या खोलीवर परत गेली. दुसरा फ्लॅट मी तोपर्यंत विकला होता. त्यानंतर त्या मायलेकींनी भाड्याची पाच घरे बदलली. मी त्या पातेल्यात रोज दूध तापवतो.

एवढे कळते तर हयातीतच बक्षीसपत्र का करत नाहीस, असे कोणी विचारेल. गिऱ्हाइकांना मी तोच सल्ला द्यायचो. उत्तर लाजिरवाणे आहे. हातातून सुटत नाही. मेल्यावर देणे सोपे, तेव्हा हातच नसतो.

कलम ५. टेबल आणि खुर्ची सरोजाला, जी आज त्याच फुटपाथवर कॉम्प्युटरवर दस्त टाइप करते. तिने गिऱ्हाइकाच्या मागे कोण उभे आहे ते पाहत जावे. माझ्यासमोर एकदा दोन भावांनी बापाला रुग्णवाहिकेतून आणले होते, एकाने अंगठा धरला, दुसऱ्याने शाईचे पॅड. मी दुप्पट फी घेतली आणि दुपारी पोटभर जेवलो. माझे पॅड आणि रबरी शिक्का माझ्याबरोबर जाळा. पेन ऋजुताला.

कलम ६. इथपर्यंत लिहून झाल्यावर वाटले, अक्काने हे माझ्या मरणानंतर ऐकणे बरे नाही. एकदा तरी तिला पूर्ण कागद वाचून दाखवावा. ९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, सुंदरीकडे गेलो. सात-आठ मुले जमिनीवर बसून हिंदीचे धडे म्हणत होती. अक्का त्यांच्यामागे भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. मुले गेल्यावर मी चष्मा लावला.

"अक्का, वाचून दाखवतो. एक ओळ सोडणार नाही."

"दे इकडं," ती म्हणाली.

मला समजेना. सुंदरी म्हणाली, "मामा, अम्मा वाचते आता. पोरांच्या मागे बसून बसून शिकली. आठ वर्षं झाली."

अक्काने ओळीखाली बोट ठेवले आणि ओठ हलवत वाचू लागली. अकरा वाजता सुरुवात केली, चौथे कलम यायला साडेबारा झाले. मी समोर बसून होतो. पळून जावेसे वाटत होते. मी न वाचलेल्या ओळीपाशी तिचे बोट थांबले.

"ही ओळ तेव्हा होती?"

"होती."

"मोठी तर नाही."

"नाही, अक्का."

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग कलमाच्या सुरुवातीला परत आली. "माझ्या मृत्यूनंतर," तिने मोठ्याने वाचले. "म्हणजे तू मरायची वाट बघत मी बसायचं?"

मी चष्मा काढून हातात धरला.

"तुझी पोरं बघतात तेवढं बस झालं. कडेवर घेऊन तुला वाढवलं मी. तुझ्या मरणाची वाट बघणार नाही. नको मला तुझं घर." तिने कागद खाली ठेवला आणि शेंगांचे ताट ओढले. "पोदुम. बस झालं."

मी तिथेच रडलो, मुलांच्या वह्यांच्या ढिगाशेजारी बसून. अक्काने पाणी दिले नाही. सुंदरीने दिले. घर माझ्या हयातीतच घ्यायला अक्काला समजावणेही तिनेच केले, कारण माझ्या समजावण्याला आता किंमत नाही.

म्हणून कलम ४ रद्द. हा फ्लॅट मी १३ नोव्हेंबर रोजी सईबाईच्या नावे बक्षीसपत्राने नोंदवून दिला आहे. तामिळ दस्ताला मी त्याचे मराठी जोडले होते. अक्काने कचेरीत बसून ते सगळे वाचले. मागची रांग कुरकुरत होती, तिने मान वर केली नाही. मग पेन मागून घेतले आणि सही केली.

गिरीधरला फोनवर सांगितले. तो आधी म्हणाला, "रजिस्टर झालं पण?" आणि बऱ्याच वेळाने, "अप्पा, मग तुम्ही राहणार कुठे?" क्रम उलटा होता, पण विचारले. त्याबद्दल त्याला आशीर्वाद. सौम्याने फोन उचलला नाही.

काल अक्का घर पाहायला आली. दोन्ही खोल्या फिरली आणि माझ्या खोलीच्या दारात, खिडकीसमोर, उभी राहिली. तिने विचारायच्या आत मी म्हणालो, "अक्का, ही तुझी खोली." तिने मान डोलावली. माझा पलंग मी आज सकाळी हॉलमध्ये आणला.

आता या मृत्युपत्रात देण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. सुंदरीने रद्द केलेले कलमही सर्वांसमोर वाचावे. ते वाचता येईल अशाच बेताने, एकच रेघ मारून खोडले आहे.

लिहून देणार: गुरुराज राव (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. ऋजुता अनंत पाटणकर, दुसरा मजला (सही)
२. बालाजीराव, तळमजला (सही)

स्थळ: वेस्ट मांबलम, चेन्नई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

खोडाखोड दोन ठिकाणी. पहिली, कलम ४. दुसरी, या कागदाच्या तळाशी मी सवयीने 'सईबाई हिला वाचून दाखवले' असे लिहून बसलो होतो. ते खोडून 'तिने स्वतः वाचले' असे केले आहे. दोन्ही ठिकाणी माझी सही आहे.