भट्टीचं दार

हॅम्बुर्ग,
२४ ऑक्टोबर १९९४

प्रिय हेडविग,

तुझं पत्र आणि पोरांचे फोटो मिळाले. कॅनडाची हवा मानवलेली दिसतेय, पोरं ताडमाड झालीत. इकडे सगळं ठीक. पावसाची पिरपिर चालू आहे, माझी पाठ दुखते आहे, आणि योस्ट (ज्याच्यासोबत मी घर वाटून घेतो, मागे लिहिलं होतं) तुला नमस्कार सांगतो.

महोत्सव काल संपला. यंदा तीनशे बारा सिनेमे पाहिले, त्यातले चाळीस निवडले. डोळे फुटायची वेळ आली होती. पंचवीस वर्षांपूर्वी मी सिनेमे काढायला घर सोडलं तेव्हा आपले बाबा म्हणाले होते, "चित्रं हलवून कुणाचं पोट भरलंय?" पोट फारसं भरलं नाहीच. पण सात सिनेमे काढले, आणि गेली नऊ वर्षं इथे दुसऱ्यांचे निवडतो. कसले सिनेमे, ते तुला कधी नीट लिहिलं नाही. 'वेगळ्या धाटणीचे' एवढंच लिहायचो. सांगतो, थांब.

खरी बातमी ही की बाबा आले होते.

न्हाव्याच्या मुलीने इथून आमची महोत्सवाची छापील पुस्तिका गावी नेली आणि बापाच्या दुकानात ठेवून दिली. बाबांचा फोन आला, "शनिवारी दुपारी तुझा सिनेमा आहे. येतोय." झालं! मी न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून राहिलो. माझ्या सिनेमात पावाच्या भट्टीवर काम करणारी दोन तरुण माणसं आहेत, आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडतात. आता कळलं ना, कसले सिनेमे?

मग मी जे केलं त्याची लाज वाटते. कार्यक्रम ठरवणारा मीच, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. माझा सिनेमा यादीतून काढला आणि त्या जागी ईल मासे पकडणाऱ्या कोळ्यांचा माहितीपट घातला. योस्ट भडकला. "जगभरच्या पोरांना सांगतोस, घाबरू नका, स्वतःचं नाव लावा. आणि स्वतः शेपूट घालतोस?" पुढचे दोन दिवस तो "मीठ दे" यापलीकडे बोलला नाही.

स्टेशनवर योस्टकडे हात करून बाबांना म्हणालो, "हे श्रीयुत ब्रुन्स. आमच्याकडे प्रोजेक्टर चालवतात." हे खोटं नव्हतं. योस्ट चालवतोच. बाबांनी टोपी काढून हात मिळवला, "तुम्हाला भेटून आनंद झाला."

शनिवारी मी मंचावर जाऊन तांत्रिक बिघाडाची थाप मारली. कोळ्यांचा सिनेमा झाला, प्रश्नोत्तरं सुरू झाली, आणि तिसऱ्या रांगेतून बाबांचा हात वर. उभे राहिले, कोटाचं बटण लावलं.

"मी अल्बान क्लॉत्स, पाववाला. आठ तास गाडीत बसून आलोय. कागदावर माझ्या मुलाचा सिनेमा छापलाय. छापलंय ते दाखवायला नको? पाटीवर राय धान्याचा पाव लिहून मी गव्हाचा विकला असता, तर गावाने मला जोड्याने मारलं असतं."

सगळं सभागृह हसलं. मी म्हणालो, "बाबा, बिघाड आहे."

"काय बिघडलंय?"

मागच्या भिंतीतल्या खिडकीतून योस्टचं डोकं बाहेर आलं. "काही बिघडलेलं नाही! रिळांचा डबा माझ्या मांडीवर आहे!"

मग काय, दाखवावाच लागला. मी आत थांबलो नाही. बाहेर तिकीट खिडकीपाशी चाळीस मिनिटं येरझारा घातल्या. मनात म्हणत होतो, आता हे सरळ स्टेशन गाठणार, आणि यापुढे मला एकच नातेवाईक उरणार, ती तू. आणि तुलाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

बाबा टोपी हातात घेऊन बाहेर आले.

"भट्टीचं दार," ते म्हणाले, "दीड मिनिट सताड उघडं होतं. मी घड्याळ लावलं. वाफ सगळी गेली. एवढा वेळ मुके घेत बसले तर पाव बसणारच की!"

"हो, बाबा."

"भट्टीवर वाढलास ना तू? एवढंही कळू नये? बाकी बरं होतं. त्या उंच पोराचा जीव आहे हो दुसऱ्यावर."

हेडविग, मी रडलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, सगळ्या लोकांदेखत, हमसून हमसून. पंचवीस वर्षं छातीवर ठेवलेलं पिठाचं पोतं कुणीतरी उचलून नेलं असं वाटलं.

तेवढ्यात योस्ट डबा घेऊन खाली आला. बाबांनी त्याच्यापुढे हात केला आणि म्हणाले, "मी अल्बान."

तुझ्या पोरांना हे कळायचं नाही, तिकडे सगळ्यांना एकच 'यू'. पण तुला कळेल. आपले बाबा! चाळीस वर्षं पीठ देणाऱ्या गिरणीवाल्याला मरेपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिले. त्यांनी आपणहून नाव पुढे केलं, अहो-जाहो संपवलं. योस्ट कानापर्यंत लाल. "मी योस्ट. तुम्ही... म्हणजे तू... कॉफी घेणार?"

"बिअर घेईन. तू पाजणार असशील तर."

आज सकाळी गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "हेडविगला योस्टचं ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, "केव्हाच!" तोंडातून गेलंच बघ, सवय जात नाही. तर बाबा म्हणाले, "मग रविवारी मी लिहितो तिला त्याच्याबद्दल."

म्हणून स्टेशनवरून तडक घरी येऊन हे लिहायला बसलोय. त्यांच्या आधी पोचायला हवं. योस्ट माझ्यासोबत घर वाटून घेत नाही, हेडविग. तो माझं माणूस आहे. अकरा वर्षं. तुला सांगितलं नाही यात तुझा काही दोष नव्हता, मीच भित्रा. रागाव, चार शिव्या घाल, पण लिही.

तुझा
लोरेन्झ

आणि योस्ट

(ही दुसरी सही त्याच्याच हातची आहे. तुला पत्र लिहिताना तो दर वेळी समोरच बसलेला असायचा. पेन त्याच्या हातात आज पहिल्यांदा दिलं.)